सिस्टर हसत नाहीत

वर्सोव्याच्या लहूला मिळवायचं होतं ते एवढंच – सुगंधा सिस्टरचं एक हसू. एकाहत्तर साली होडीवरून घसरून पाय मोडला, अंधेरीच्या इस्पितळात प्लॅस्टरमधला पाय टांगून सहा आठवडे पडायचं होतं. हसू मिळालं तर दिवस झकास, नाही मिळालं तर बिघडत काहीच नव्हतं... निदान त्याचं.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "इंजेक्शनचं दुखणं जास्त कुणाला, सिस्टर? मला की तुम्हाला?" तिने सुई टोचली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

पाचव्या आठवड्यात वॉर्डातली तक्रारवही हाती लागली. लहूने हौसेने लिहिलं – 'सुगंधा सिस्टर कधीच हसत नाहीत. पेशंटच्या जिवाला घोर लागतो.' वाचेल, चिडेल, निदान भांडायला तरी येईल!

वाचलं मेट्रनबाईंनी. 'सौजन्याचा अभाव' असा शेरा मारून त्यांनी सुगंधाची रजा नामंजूर केली. वर्षातली पहिली रजा, चार दिवसांची. कणकवलीला आईजवळ नुसतं झोपायचं होतं तिला.

ती आली, पण आवाज चढवला नाही.

"चाळीस खाटा, मी एकटी. काल तेवीस नंबरचे गुणाजी गेले. त्यांच्या बायकोला मीच सांगितलं, मग चादर बदलून तिथे दुसरा पेशंट घेतला. ती रडत होती आणि मला... काहीच झालं नाही, लहू. आधी व्हायचं. आणि तुला हसू हवंय?"

लहूची वाट लागली. वॉर्डात फेरीला आलेल्या मेट्रनबाईंना त्याने गाठलं, तक्रार खोडा म्हणाला. लिहिलेलं खोडता येत नाही, असं उत्तर आलं. मग चाळीस खाटांना एक नर्स, हे कुणाचं सौजन्य? बाई म्हणाल्या, त्यासाठी वहीत रकाना नाही.

घरी सोडल्यावरही तो कुबड्या टेकत रोज भेटीच्या वेळेला यायचा. पेशंट कोण तुमचा, असं वॉचमनने विचारलं की हनुवटीने सुगंधाकडे दाखवायचा. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून ती बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आज काही गंमत नाही?"

"नाही. माझ्यासमोर हसायचं नाही तुम्ही. रागवा, गप्प बसा... जन्मभर चालेल मला."

तिने टोपीची पिन काढली, टोपी मांडीवर ठेवली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून भर गर्दीत झोपून गेली. वॉचमनने तोंड फिरवलं.

लहूला बायको मिळाली, मेट्रनबाईंना बढती. चाळीस खाटांचं काम इस्पितळाने एकाच नर्सकडून भागवलं. आणि ते चार दिवस? ते सुगंधाचे गेले. कुणी परत केले नाहीत.