देवापासून डावीकडे

त्या रविवारी दीपमालाने नेहमीसारखाच डबा बांधला होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि आबांसाठी वेगळा, कमी तिखट ठेचा. नेहमीसारखीच ती स्कूटीवरून साक्रीच्या पुढे आली, डोंगराच्या पायथ्याशी कडुलिंबाखाली बसली आणि मांडीवर पुस्तक उघडलं. वर पवनचक्क्यांच्या रांगेजवळ कुठेतरी आबा सायकलवर होते.

अभिमन आबांनी, दीपमालाच्या वडिलांनी, सगळी उमर एस.टी. चालवली. साक्रीच्या रस्त्यालगतचे हे गोलसर, गवताळ डोंगर त्यांनी काचेतूनच पाहिले. निवृत्त झाले तसे गिअरची सायकल घेऊन आले आणि म्हणाले, "आता काचेपलीकडे जाऊन बघतो." मेंढरांच्या पायवाटा, गाडीवाटा, नाल्याचे काठ जोडत जोडत त्यांनी सायकलसाठी एक आखीव वाट तयार केली. वळणावळणावरच्या दगडांना चुना लावायचा, दर पावसाळ्यानंतर पुन्हा लावायचा. दिवाळीनंतरच्या रविवारी धुळ्याच्या पोरापोरींना त्या वाटेने न्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, पाणी मिळेल का हो?"

दीपमालाने मान वर केली. समोरच्या कपाशीतून एक तरुण सायकल ओढत बाहेर येत होता. चाकांना काटे, केसांत कापसाचा पुंजका.

"पांढरे दगड बघत बघत आलो," तो म्हणाला, "आणि थेट शेतात! मालकीणबाईंनी शिव्या घातल्या त्या वेगळ्याच."

"आमच्या दगडांवर बाण असतो," तिने बाटली पुढे केली. "तुम्ही आलात ते बांधाचे दगड. मोजणीचे. त्यांनाही चुनाच लावतात."

"मग तुम्ही दुसरा रंग का नाही लावत?"

"ते त्यांना विचारा," तिने वर उताराकडे बोट दाखवलं.

उतारावरून धुळीचा लोट आला, ब्रेक करकरले, आणि आबा उतरले. सगळं ऐकून पोट धरून हसले. "काय रे, मोजणी करून आलास की काय? बैस. जेव आधी."

त्याचं नाव योगेंद्र. गाव बोदवड, नोकरी पवनचक्क्यांच्या देखभालीवर, खोली साक्रीत. भरिताचा पहिला घास घेतला आणि तो डोळे मिटून म्हणाला, "वांगं आमच्या जळगावकडचं दिसतंय."

"वांगं असेल. हात धुळ्याचा आहे," दीपमाला म्हणाली.

"हाताबद्दल मी कुठे काय म्हणालो…"

आबा भाकरी मोडण्यात फारच गुंग झाल्यासारखे दिसत होते. मग सहज म्हणाले, "दीपा, पुढच्या रविवारी वरून ये ना माझ्याबरोबर. उतार असा झालाय…"

"पेपर तपासायचेत, आबा."

ती कॉलेजात शिकवायची, पेपर असायचेच. पण योगेंद्रची नजर तिच्या मांडीवर गेली. तिथे पेपर नव्हते, कादंबरी होती. त्याने पाहिलं ते तिने पाहिलं. तिने पुस्तक मिटलं.

संध्याकाळी आबांनी अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल दिलं, भाकरीबरोबर दूध घेतलं आणि झोपले. पहाटे त्यांचं हृदय थांबलं. सकाळी माणसं जमली तेव्हा साखळीवरचं तेल ओलंच होतं.

तेराव्याला आबांचे भाऊ पुनाकाका म्हणाले, "सायकल विकून टाक, पोरी. डोळ्यांसमोर नको."

"सायकल राहील," दीपमाला म्हणाली. "आणि आबांनी ठरवलेल्या रविवारी पोरंही जातील."

"घेऊन कोण जाईल?"

"मी."

 मग आई, मंजुळाबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "चुना मी भिजवून ठेवते."

दीपमाला चढाला घाबरत नव्हती. पाय दुखले तर दुखले. उताराचं मात्र… उताराचं ती कधी कुणाशी बोलली नव्हती.

पुढच्या रविवारी ती लिंबाखाली पोचली तर योगेंद्र आधीच उभा. आबांची बातमी त्याला साक्रीत कळली होती. त्याने तिच्या स्कूटीवरची चुन्याची बादली उतरवून घेतली. आबांची सायकल घेऊन मागून येणारा टेम्पो दिसला, तसा म्हणाला, "परतीच्या पावसाने सगळे दगड धुतले. वरच्या वळणाचा मात्र मी परवाच करून टाकलाय. ऑइल पेंट. शेंदरी. आता ना तो धुतला जाणार, ना कुणी कपाशीत घुसणार."

"शेंदरी?" दीपमालाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "दगडाला?"

"का? लांबून दिसतो…"

वर पोचल्यावर त्याला कळलं. दगडापुढे नारळ फुटलेला, उदबत्ती विझत आलेली, वर झेंडूची माळ. शेजारी मेंढरं सोडून म्हातारे हिलालबाबा हात जोडून बसलेले.

"हाऊ देव कालदीच प्रगट व्हयना, बेटी," कालच सापडलेल्या देवाला पुन्हा नमस्कार करत ते म्हणाले.

योगेंद्र कानापर्यंत लाल झाला. "बाबा, तो दगड… मी रंगवलाय."

"तू रंगाडा, बरोबर शे. पन तुले बुद्धी कोनी दिधी?"

 दीपमालाला हसू फुटलं. इतके दिवस कुठे दडलं होतं कोण जाणे, आलं ते थांबेचना. डोळे पुसत ती म्हणाली, "आबांना हे सांगायला…"

वाक्य तिथेच राहिलं. वारा होता, पवनचक्क्यांच्या पात्यांचा घुमणारा आवाज होता. योगेंद्रने फक्त हात पुढे करून तिच्या हातातली कलंडू लागलेली सायकल धरली.

"दगड हलवायचा का?" त्याने विचारलं.

"देव हलवत नाहीत. पोरांना सांगू, देवापासून डावीकडे."

त्यानंतरचे रविवार चुन्याचे गेले. ती बाण काढायची, तो दगड घासायचा. तिचे बाण सरळ यायचे आणि त्याचा एखादा यायचा तो मिरचीसारखा.

"गालाला चुना लागलाय," एकदा तो म्हणाला.

"कुठे?"

"देवापासून… डावीकडे."

तिने ओढणीने उजवा गाल पुसला. मुद्दामच. तो हसला तशी ती दगडाकडे वळली, पण तो बाण तिचा पहिल्यांदाच वाकडा आला.

सायकल आबांची, सीटही त्यांच्याच उंचीची. दीपमालाचे पाय जेमतेम, अंगठ्यांवर टेकायचे.

"सीट खाली घेऊ का?" योगेंद्र दर वेळी विचारायचा.

"नको."

दर वेळी एवढंच. चढ ती तशीच चढायची, दात आवळून. उताराशी आली की खाली उतरायची आणि सायकल हातात धरून चालू लागायची. मग तोही उतरायचा आणि आपली सायकल धरून बरोबर चालायचा.

"तुम्ही बसून जाऊ शकता," ती म्हणाली.

"जाऊ शकतो की." आणि तो चालतच राहिला.

गवत पिवळं पडलं होतं. खाली कान नदीची रेघ, दूर मक्याची कापणी. चालता चालता तो म्हणाला, "खरं सांगू? मी रोज टॉवर चढतो. चढताना काही नाही. उतरताना अजून पोटात गोळा येतो."

ती थबकली. "मग करता काय?"

"गाणी म्हणतो. मोठ्याने. खालचे लोक म्हणतात, योगेंद्र आज खुशीत दिसतोय."

ती हसली नाही. उताराच्या तळापर्यंत चालत राहिली. तिथे पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या खेपेला ते गाणं मला ऐकवा." आणि सायकल टेम्पोत चढवून स्कूटीवरून गेलीसुद्धा.

पोरांच्या फेरीआधीचा तो शेवटचा रविवार होता. देवापाशी मेंढरं चरत होती. नव्या चुन्याचे बाण उन्हात लखलखत होते. दीपमालाने ओढणी कमरेला बांधली, खिशातून सीटचा बोल्ट सोडवायची एलन-की काढली आणि योगेंद्रच्या तळहातावर ठेवली.

 त्याने गुडघ्यावर बसून बोल्ट सैल केला, सीट हलकेच खाली घेतली. सीटखालच्या दांड्यावर आबांच्या उंचीपाशी झिजलेली रेघ आता आत गेली होती.

"खूण आत आहे," तो हळूच म्हणाला. "पुसली जाणारी नाही."

तिने मान हलवली. सायकलवर बसली. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले.

"मी पुढे जाऊ की मागे राहू?" त्याने विचारलं.

"शेजारी. वाट तेवढी रुंद आहे."

"आजच्यापुरती?" तो हसत म्हणाला, पण हँडलवरची बोटं त्याने उगीचच घट्ट केली.

"नाही." दीपमालाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तू बोदवडला घरी सांग. मी आईशी बोलले आहे."

तू. योगेंद्रने तिच्याकडे वळून पाहिलं. म्हणाला, "आई काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या कपाशीतल्या पोराला भरीत आवडतं ना, मग ठीक आहे."

त्याने आकाशाकडे बघून मोठा श्वास सोडला. मग शेंदरी दगडाकडे बोट दाखवलं. "निघण्याआधी याला काही सांगायचंय? माझ्या ओळखीचा आहे."

ती दगडाकडे वळली नाही. पुढचं चाक तिने उताराच्या कडेला आणलं. खाली, अगदी खाली, लिंबाचं झाड मुठीएवढं दिसत होतं. त्याखाली ती किती रविवार बसली होती, पुस्तक उघडून…  तिने दोन्ही ब्रेक आवळून धरले. शेजारी योगेंद्र बेसूर आवाजात काहीतरी गुणगुणू लागला होता.

आणि दीपमाला मोठ्याने, त्या सगळ्या उघड्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आबा, पेपर कधीच नव्हते. मला या उताराची भीती वाटायची. तुमच्यासाठीही वाटायची. तुम्ही खाली येताना दिसेपर्यंत मला एक ओळसुद्धा वाचता यायची नाही. आज येते मी, आबा. वरून येते."