बेटेगाव रोडवरचा दुसरा भोंगा

बोईसरात प्रेम जमण्याच्या जागा ठरलेल्या आहेत – कंपनीची बस, नवरात्रातला गरबा, आणि फारच हिंमत असेल तर नवापूरचा किनारा. अपेक्षा राऊतचं जमायला सुरुवात झाली तेव्हा मात्र तिच्या नाकावर ओला टॉवेल होता.

अपेक्षा एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती. जगात तिला दोनच प्रकारच्या गोष्टी दिसत – झालेले अपघात आणि होऊ घातलेले. बेटेगाव रोडवरच्या आपल्या कॉलनीला तिनं गेली काही वर्षं एकच धडा घोकायला लावला होता : गॅसगळतीचा भोंगा वाजला की ओलं फडकं नाकाला लावायचं आणि वाऱ्याला आडवं चालत शाळेच्या मैदानावर जमायचं. पहिल्या मॉक ड्रिलला लोक गॅलरीतून बघत होते. दुसरीला चहा मिळेल म्हणून आले. तिसरीपासून मात्र मुकाट्यानं यायला लागले, आणि अपेक्षाला आयुष्यात आणखी काही नको होतं.

एका रविवारी दुपारी तो आवाज उठला. ऊं… ऊंऊं… खालून वर चढत जाणारा, काळीज पिळणारा. कॉलनी शिस्तीत बाहेर पडली. मूळच्या नवापूरच्या घरमालकीण रंभाबाईंनी गच्चीवर वाळत घातलेले बोंबील कावळ्यांच्या हवाली केले आणि मैदान गाठलं. अपेक्षाचे डोळे भरून आले – अभिमानानं. मग तिच्या लक्षात आलं की भोंगा एमआयडीसीकडून येतच नाहीये. तो रंभाबाईंच्याच दुसऱ्या मजल्यावरून येतोय. आणि मध्येच खोकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोय.

ती जिना चढून गेली. दार उघडलं. समोर एक तरुण. गळ्यात गिटार, पाय अनवाणी, चेहरा अत्यंत समाधानी.

"भोंगा तुम्ही वाजवलात?" ती टॉवेलातून म्हणाली.

"भोंगा? नाही हो… हे डिले पेडल आहे. आत्ताच कुरिअरनं आलं." त्यानं पायाशी असलेली हिरवी डबी दाखवली. "एकदा तार छेडली की तेच पुन्हा पुन्हा ऐकू येतं. आणि हे बटण शेवटपर्यंत फिरवलं ना, की थांबतच नाही, चढतच जातं. मी फक्त… करून बघत होतो."

"खिडकीतून बघा."

त्यानं पाहिलं. अख्खी कॉलनी नाकाला फडकी लावून मैदानात आकाशाकडे बघत उभी होती.

"बापरे," तो म्हणाला. "माझ्या वादनाला इतकी माणसं पहिल्यांदाच जमली."

अपेक्षा चिडलेलीच होती. हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडली, ती तिनं केवळ निरीक्षण म्हणून पाहिली. मग नजर खाली गेली आणि ती खरोखर हादरली. चार-पाच पेडलं एका पाटावर चिकटपट्टीनं बसवली होती – जेवायला बसायच्या पाटावर! एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन, त्यात तिसरं, आणि वायरींचा गुंता तर असा की घार घरटं करून गेली असावी.

"पाट आईनं दिलाय," तो ओशाळून म्हणाला. "परभणीहून येताना."

एवढ्यात रंभाबाई धापा टाकत वर आल्या. "आमी जीव मुठीत धरून धावलो, न हा इथं पिपाणी वाजवतंय! कैलास, खोली खाली कर."

"मावशी, थांबा." आपण का बोलतोय हे अपेक्षाला कळलं नाही. "पुढची ड्रिल होऊ द्या. लोक बाहेर आले तर हे राहतील. नाही आले, तर यांना काढा म्हणून मीच तुम्हाला सांगेन."

"एवढं काय झालं?" कैलासनं विचारलं.

"पुढच्या वेळी खरा भोंगा वाजेल, आणि लोक म्हणतील – काही नाही, गिटारवाला असेल. आणि घरातच बसतील."

तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "ड्रिल कधी आहे?"

"ते सांगत नसतात."

पुढच्या रविवारी ती वायरींच्या तपासणीला गेली. तपासणी दर रविवारी होऊ लागली. कैलास एका कापडगिरणीत पॅकिंगला होता. त्यानं भंगारात निघालेलं, माल रचायचं लाकडी पॅलेट आणलं होतं. त्याच्या पट्ट्या कापून दोघांनी पेडलांसाठी नवा बोर्ड ठोकला – मागून उंच, पुढून उतरता, पट्ट्यांमध्ये वायर जाण्यापुरती फट.

"विजेची वायर डावीकडून, आवाजाची उजवीकडून," अपेक्षा म्हणाली. "एकमेकींना शिवता कामा नये."

"आमच्या गावाकडं मुलामुलींना असंच बसवतात."

"आणि मग?"

"मग काय… गुणगुण कमी होते." त्यानं तार छेडली. इतके दिवस मागे घुमणारी घूं घूं खरोखरच गेली होती. "तुम्ही संगीतात यायला पाहिजे होतं."

"मी आवाज बंद करते. सुरू करत नाही."

तिनं लाल टेप घेऊन डिलेच्या बटणापाशी खूण केली. "इथून पुढे फिरवायचं नाही."

"आणि इथपर्यंत?"

"इथपर्यंत चालेल."

बटण एवढंसं, त्यावर दोन माणसांची बोटं. कुणीच हात काढला नाही… मग तिनं काढला. नियम तिचाच होता.

"अपेक्षा," तो हळूच म्हणाला. 'मॅडम' केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. "ड्रिल कधी आहे, ते मला तरी सांग."

ड्रिल गुरुवारी होती. तिला ठाऊक होतं. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. "सांगितलं तर ती ड्रिल कसली?" ती म्हणाली, आणि घरी जाऊन जेवली नाही. ज्या माणसानं इथे राहावं असं तिला वाटत होतं, त्याला हाकलायचा शब्द तिनंच दिला होता.

गुरुवारी संध्याकाळी भोंगा वाजला. अपेक्षा गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभी होती. एकटी. गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर आली, आणि पहिल्या मजल्यावरचा चंद्रभान ओरडला, "अरे कुछ नहीं! अपना गिटारवाला है!"

हशा. डोकी आत.

रंभाबाईंना काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. एकही जुळेना.

आणि मग कैलास दिसला. विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखा पेडलबोर्ड छातीशी धरून तो जिन्यावरून धावत येत होता. वायरी मागे लोंबकळत होत्या. "मी नाही!" तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "बघा, सगळं काढून आणलंय! हा खराय! चला, बाहेर चला!"

कॉलनीनं पाहिलं. गिटारवाल्याचं सामान गिटारवाल्याच्या हातात, आणि भोंगा तरी वाजतोय. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, आणि जिन्यांवर चपलांचा पूर आला. तो प्रत्येक इमारतीखाली जाऊन बोर्ड उंच धरून दाखवत होता. शेवटी रंभाबाईंना हाताला धरून मैदानाच्या कडेला सोडलं, बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि तो वळून एमआयडीसीच्या रस्त्याला लागला.

"कैलास!" अपेक्षा धावली. "तिकडे कुठे?"

तो वळला. तिला पाहून त्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. "तू… इथे आहेस?"

"वारा तिकडूनच येतोय. वाऱ्याच्या तोंडावर कुणी जातं का? काय शिकवलं मी?"

"सगळं पाठ आहे." तो धापा टाकत होता. "पण मला वाटलं, तू प्लांटमध्ये असशील."

या उत्तरासाठी तिच्या प्रशिक्षणात कुठलीच सूचना नव्हती.

"ड्रिल आहे ही," ती पुटपुटली.

"ड्रिल?" तो मटकन खाली बसला. मग हसला. खळीसकट. "म्हणजे खोली राहिली?"

"खोली राहिली."

"आणि मी जो आत्ता बोललो… ते?"

"तेही राहू दे," ती म्हणाली. "मागे घेऊ नकोस."

मैदान भरलं होतं. आता फक्त सगळं आलबेल असल्याची शिट्टी वाजवायची होती. अपेक्षानं शिट्टी ओठांना लावली, आणि फुंकायला श्वासच सापडेना.

"पोरी, वाजवतेस का?" रंभाबाई मांडीवरचा बोर्ड सावरत ओरडल्या. "आमी घरी जायचं हाय का नाय?"

"दोन मिनिटं, मावशी," अपेक्षा म्हणाली. ही शिट्टी खात्री झाल्याशिवाय वाजवायची नसते, आणि तिला तर आतून काहीच आलबेल वाटत नव्हतं.