जपून ठेवलेलं नाव

आगगाडी जाईपर्यंत मालू कोळीण कोपरीच्या फाटकाशी माशांची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. शेजारी ठाणे स्टेशनातला हमाल परशुराम डोळे मिटून पुटपुटत होता, "रेड, रोप, स्लो, डेंजर..."

"जप करतोस काय रं?"

परशुराम दचकला... आणि पुढचा शब्द जो पळाला, तो पळालाच!

"घालवलास ना! आता पयल्यापासनं म्हनायला लागंल."

बिचाऱ्याचं दुखणं नेमकं हेच होतं. सिग्नलवाल्याच्या जागेसाठी साहेब इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारायचा. याने ते पाढ्यांसारखे घोकलेले. मधलाच शब्द विचारला, की गाडी पुन्हा पहिल्यापासून! एकदा साहेबाने हसून बाहेर काढलं होतं. आता शनिवारी शेवटची संधी. हुकली, की बदली थेट इगतपुरीला.

मालूला मात्र मडमीच्या बंगल्यावर मासळी विकून इंग्रजी शब्द तोंडपाठ.

"तू शब्द ठेवतोस कुठं?"

"डोक्यात."

"माझ्या डोक्यावर तर पाटी असते! मडमीनं पयल्यांदा पानी दिलं, तवा मी तहानलेली. अजून वॉटर म्हटलं की घसा गार होतो. शब्दाला काय तरी चिकटायला पायजे रं."

मग रोज खाडीकाठी, जाळी वाळत घातलेली असत तिथे, शिकवणी सुरू झाली. तिने ओला दोर त्याच्या तळहातातून सर्रकन ओढला – रोप! आपल्या लाल लुगड्याकडे बोट केलं – रेड. त्याच्यापुढे हळूहळू चालून दाखवलं – स्लो. तो शब्द त्याला लगेच आला, तरी लबाडाने तिला तीनदा चालायला लावलं.

"आनि डेंजर?"

मालूचा बाप होडीतून उतरत होता. "तो काय, आला!" म्हणत ती पसार झाली.

शुक्रवारी तो म्हणाला, "रोज म्हटला नाय, तर शब्द इसरायचा ना?"

"छट्! माझी आय बघ. लगीन झाल्यापासनं बाबाचं नाव तोंडातनं काढलं नाय. इसरली काय? ज्याला जपायचा, तो शब्द आतच राहतो, परशा."

परशा! इगतपुरीला गेलो, तर अशी हाक कोण मारणार? नोकरीपेक्षा त्याला तीच काळजी जास्त होती.

शनिवारी साहेबाने शब्द उलटेसुलटे विचारले. रोप म्हणताच परशुरामचा तळहात चुरचुरला. डेंजर म्हणताच त्याने घाबरून दाराकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसला. साहेबाला काही कळलं नाही, पण उत्तरं सगळी बरोबर होती.

तो धावतच फाटकाशी आला. मालू तिथेच होती, पाटी खाली ठेवून, ओठ घट्ट मिटून.

"ठान्यालाच राहनार मी! मालू... उद्या तुझ्या बाबाला भेटायला येऊ? मागनी घालायला?"

ती लाल झाली, लुगड्याहूनही. तिने पाटी उचलली आणि वाटेला लागली. परशुरामला वाटलं, हा नकारच. दहा पावलांवर ती थांबली, पण वळली नाही.

"अवं... जरा लवकर या. बाबा दुपारी होडीवर जातो."

"अवं?" तो गोंधळला. "माझं नाव इसरलीस काय?"

"नाय," मालू हळूच म्हणाली. "ठेवलंय... आत."