चारशे सतरा नंबरचा बिल्ला

गुणाजी परब भुताखेतांना भिणाऱ्यातला नव्हता. भ्यायचा तो फक्त चालू साच्याला, म्हणजे यंत्रमागाला. लालबागच्या एका गिरणीत तीस वर्षं फिटर म्हणून घासलेला माणूस. गिरणी बंद पडली, पण हातातलं कसब कुठं जातंय? परळच्या जुन्या शेडमध्ये संग्रहालय उभं राहू लागलं, तेव्हा तिथल्या पूर्वीमॅडमनी त्यालाच बोलावून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अरुणाचलच्या डोंगरात पडलेलं एक मालवाहू विमान सुटं करून आणायचं आणि शेडमध्ये पुन्हा जोडायचं.

"काका, जमेल ना चढायला?" तिनं विचारलं.

"चाळीचे चार मजले रोज चढतो मी. डोंगराचं काय घेऊन बसलात?"

पाच दिवस चालल्यावर बांबूच्या बेटात विमान सापडलं. हाडं नव्हती, कपड्याची चिंधीही नव्हती. चालकाच्या आसनापाशी एका दांडीला मात्र तारेनं अडकवलेला पितळी बिल्ला लटकत होता. नंबर एकतीस. थेट गिरणीतल्या फिटरच्या बिल्ल्यासारखा.

आता गिरणीतली एक रीत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. फिटर साच्याच्या पोटात शिरला की आपला नंबराचा बिल्ला बाहेरच्या दांडीला टांगायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे आत माणूस आहे, साचा चालू करायचा नाही. काढायचा तो ज्याचा त्यानं. दुसऱ्याला काढायचाच झाला, तर आधी तीनदा नंबर पुकारायचा. आतून 'आहे!' आलं की हात मागं. एकदा एक गडी बिल्ला विसरून शिमग्याला गावी पळाला, तर त्याला आणायला मालवणपर्यंत माणूस धाडला होता. तोवर साचा बंद म्हणजे बंद!

हे सगळं हाडीमाशी खिळलेल्या गुणाजीनं तो बिल्ला न पुकारताच काढला. पाऊस दाटून आला होता, हमाल निघायची घाई करत होते आणि पूर्वी "काका, पटकन" म्हणत होती. शिवाय ऐंशी वर्षं मोडून पडलेल्या विमानात कोणाला हाक मारायची? चारचौघांत त्याला लाज वाटली, एवढंच.

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. भर दुपारी माणसं जेवायला गेलेली. एकटी पूर्वी विमानाच्या केबिनमध्ये माहितीच्या पट्ट्या चिकटवत होती आणि गुणाजी बाहेर डबा उघडून बसला होता. आतून आवाज आला. कर्र... थोडं थांबून, कर्र... कुणीतरी आतून नट आवळत होतं.

"मॅडम, पाना ठेवा खाली. बोट चेंगरेल."

"माझ्या हातात पाना नाहीये, काका..." तिचा आवाज एकदम खाली आला. "काका... माझ्यामागं कोणी आहे का?"

शेडमध्ये ओल्या बांबूचा, कुजक्या पाल्याचा वास पसरला. गुणाजीनं समोर पाहिलं. इंजिन गंजून दगड झालेलं, पण पंख्याचं वाकडं पातं बोटभर सरकलं. मग वीतभर.

"दार उघडत नाहीये... काका..."

गुणाजी ताडकन उठला. एकतीस नंबरचा बिल्ला काचेच्या पेटीत होता, दांडी मोकळी होती आणि पोरगी आत होती! त्यानं किल्ल्यांच्या जुडग्यातला आपला जुना बिल्ला, चारशे सतरा, ओरबाडून काढला आणि फुटक्या खिडकीतून हात घालून दांडीला अडकवला. पंखा जागच्या जागी थांबला. दार उघडलं. पूर्वी पांढरीफटक होऊन खाली उतरली.

मग गुणाजीनं पेटी उघडायला लावली आणि एकतीस नंबर आपल्या बिल्ल्याशेजारी टांगला.

"चूक झाली, बाबा," तो खिडकीशी म्हणाला. "तुझं काम आटप आणि सावकाश ये."

आत पाना पुन्हा संथपणे फिरू लागला. गुणाजीनं आपला बिल्ला काढायला हात घातला, पण पूर्वीनं त्याचं मनगट धरलं. "राहू दे, काका. पुन्हा फिरला तर? लोक येणार आहेत." तिनं मनगट सोडलं नाही. त्याला तिची दया आली. बिल्ला राहिला, खिडक्यांना काचा बसल्या, उद्घाटनही झालं.

पाचव्या दिवशी दुपारी गुणाजी चाळीत जेवून उठला, तोच पूर्वीमॅडमचा फोन आला.

"काका, एकतीस नंबरचा बिल्ला तुम्ही काढलात? कुलूप तसंच आहे, पण आत आता फक्त तुमचाच दिसतोय."

"सुटला बिचारा!" गुणाजीला खरंच हायसं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, आता बिल्ल्याच्या हिशेबानं आत माणूस आहे तो आपणच. "माझ्या बिल्ल्याला कोणी हात लावू नका. मी निघालोच. ज्याचा त्यानंच काढायचा असतो."

चपला घालायला तो दाराशी वाकला.

"चारशे सतरा..."

आवाज जिन्यातून आला की भिंतीतून, कळेना. उच्चार परक्या माणसाचे, नुकते शिकल्यासारखे.

"चारशे सतरा..."

गुणाजीनं ओठ घट्ट मिटले. पण तिसरी हाक आली आणि तीस वर्षांची सवय त्याच्या तोंडून निसटली.

"आहे!"

हात पुसत रमाबाई, त्याची बायको, बाहेर आली. "अवो, कोणाक सांगतास?"

गुणाजी तिच्या पुढ्यातच उभा होता. तिनं खोलीभर पाहिलं, दारातल्या चपला पाहिल्या, जिन्यात डोकावली.

"अवो... खय गेलास?"

"आहे!" गुणाजी ओरडला. "रमा, आहे मी! आहे!"

तिनं नाकाला पदर लावला. घरात कुजक्या पाल्याचा वास कुठून येतोय, ते तिला कळेना.