झोळीपाशी वाचलेलं नाव

यातलं एक अक्षर मी रचलेलं नाही. लेकरू शेजारी निजलंय. त्याच्याजवळ बसून खोटं लिहायची माझी छाती नाही.

इंझोरी, १९५५ चा आश्विन. यजमान तिथल्या शाळेत मास्तर. बाळ सव्वा महिन्याचं झालं तरी बारसं राहिलं होतं. कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्याबाई कामरगावला तापानं पडून.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या प्रयागबाईनं बजावलं होतं, "बारशाबिगर झोळीपाशी कोनाचंच नाव घेऊ नका. पयलं नाव कानात पडते, तेच लेकरू धरते."

मी हसले होते. कॉलेजात शिकलेली ना!

त्या तिन्हीसांजेला घरात मी एकटी. एका हातात झोळीची दोरी, दुसऱ्या हातात एम. ए.चं पुस्तक. रोमन बादशहांच्या काळातले, ग्रीक थडग्यांवरचे कोरीव लेख. बाळ किरकिरत होतं.

एका पानावर थडग्याच्या छोट्याशा दगडाचं चित्र होतं. खाली अर्थ दिलेला.

'वाटसरू, थांब. माझं नाव मोठ्यानं वाच. मी झोसिमस. दहा महिने चार दिवस जगलो.'

मी वाचलं...

मोठ्यानं.

किरकिर थांबली.

बाहेरचे रातकिडेही थांबले.

मग झोळीतून कुणीतरी खळखळून हसलं...

सव्वा महिन्याचं मूल असं हसत नाही. मी झटकन बाळाला उचललं. ते हसत नव्हतंच. टक लावून झोळीकडे बघत होतं.

आणि रिकामी झोळी...

तशीच खाली ओढलेली. आत कुणी निजल्यासारखी.

दोरी कुरकुरत होती. माझे दोन्ही हात बाळाभोवती होते.

तेवढ्यात शेकायचे निखारे घेऊन प्रयागबाई आली. दारातच थबकली.

"कोनाचं नाव घेतलं, मास्तरीणबाई?"

"पुस्तकातलं..."

"जित्याचं का मेल्याचं?"

मी बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"शिकलेल्या बायाईले सांगून काय फायदा!" म्हणत तिनं झोळी सोडायला हात घातला. आणि हात तिथंच अडला.

"हे... जड काहून लागून राह्यलं?"

पुढं आत्याबाई आल्या. बारशाला कानात 'शालिकराम' सांगितलं. बाळानं मान वळवली नाही. अजून वळवत नाही.

काल भाकरी थापताना, राहवलं नाही म्हणून, ते दुसरं नाव अगदी हळू पुटपुटले.

बाळ वळलं. खळखळून हसलं.

पण माझ्याकडे बघून नाही... माझ्या मागे बघून.

पुस्तक मी केव्हाच नागपूरला परत धाडलं. दगडावरचा हिशेब तेवढा डोक्यातून जात नाही.

आज बाळ नऊ महिने सत्तावीस दिवसांचं आहे.