उत्तरदाता क्रमांक एकशे तेरा

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाने जगातल्या थोर थोर डोक्यांची झोप उडवली आहे. कोणी कवट्या मोजल्या, कोणी वस्त्या पालथ्या घातल्या, कोणी गरिबीला दोष दिला, कोणी संगतीला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात या विषयाची सात कपाटं आहेत. याच विषयावर संशोधन करणाऱ्या तिची अडचण मात्र साधी होती. आठ महिने दारोदार हिंडूनही तिला एकसुद्धा गुन्हेगार सापडला नव्हता.

म्हणजे गुन्हे होत होते, फॉर्मवर येत नव्हते. तिच्या प्रबंधासाठी लोकांनी एक फॉर्म भरायचा होता. नाव नको, पत्ता नको. गेल्या वर्षभरात काय काय केलं ते खरं लिहायचं आणि का केलं त्यापुढे खूण करायची. लोक मन लावून फॉर्म भरत आणि वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहून देत. एकसष्ट नंबरच्या गृहस्थांनी तर ‘कोणाला इजा केली का?’ यापुढेही ‘नाही’ लिहिलं, फॉर्म तिच्या हातात दिला आणि धाडकन दार तिच्या नाकावर लावलं. चष्म्याचे दोन तुकडे झाले.

ते तुकडे ओंजळीत घेऊन ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली. काउंटरमागे एक तरुण बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता.

“कसा फुटला?”

“एका सज्जन माणसाने फोडला.”

“तरीच,” तो गंभीरपणे म्हणाला. “दुर्जन निदान बघून मारतात.”

त्याने तिला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली आणि भिंगं बदलायला लागला.

“आता बरं दिसतंय… की मघाशी?”

“मघाशी.”

“आणि आता?”

त्याचा चेहरा चार बोटांवर होता आणि धुक्यात होता. तिला लांबचं स्वच्छ दिसायचं, जवळचं काही केल्या दिसायचं नाही. आई म्हणायची, हा नंबर नव्हे, हा तुझा स्वभाव आहे.

“आठ दिवसांनी या,” तो म्हणाला.

आठ दिवसांनी ती गेली. काच आली नव्हती. मग ती एक दिवसाआड जाऊ लागली. काच काही येईना. तोवर ती कॉलेजातला जुना चष्मा वापरत होती. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि छापील मजकूर त्यातून कसाबसा लागायचा, मग डोकं दुखायचं. तो दर वेळी कपाळाला लावायला मलम द्यायचा.

“आज कुठला सिद्धांत?” ती आत आली की तो विचारायचा.

“पूर्वी म्हणायचे, गुन्हेगार जन्मतःच तसा असतो. जबडा मोठा, कान मोठे…”

त्याने हळूच आपले कान चाचपले. ते ऐसपैस होते. धंद्याला बरे, चष्मा घसरत नसे.

“मग माझं काही खरं नाही.”

“तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला,” ती म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली.

पुढच्या खेपेला तिने सांगितलं, “मनात इच्छा असली, समोर संधी असली आणि राखण करायला कोणी नसलं, की गुन्हा घडतो.”

“राखणीला मी आहे की,” गल्ल्यावरून त्याची आत्या म्हणाली. ती दिवसभर फडक्याने काचा पुसायची आणि रस्त्यावरची येणारी-जाणारी माणसं मोजायची. “आणि काचेचं म्हणशील तर पोरी, ती तर कधीच—”

“आत्या, तुझा चहा निवतोय.”

“अरे, अजून मागवलाच कुठे?”

एकदा तिने त्याला आपला आवडता सिद्धांत सांगितला. “प्रश्नच उलटा विचारायचा. माणूस गुन्हा का *करत नाही*? कारण त्याला कोणाची तरी ओढ असते. ओढ असली की माणूस सरळ वागतो.”

तो बराच वेळ एकच काच पुसत राहिला.

“नेहमीच नाही,” तो म्हणाला.

दहाव्या खेपेला ती आली ती थेट खुर्चीत कोसळली. कपाळ चोळत म्हणाली, “एकशे बारा फॉर्म, एकशे बारा संत. सर म्हणाले, उद्यापर्यंत एक तरी खरं बोलणारा माणूस आणा. नाहीतर विषय बदला. नवा विषयही काढून ठेवलाय त्यांनी… ‘सार्वजनिक बागांतील बाकांचा वापर’.”

आत्यासुद्धा हळहळली.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “फॉर्म गुप्त राहतो?”

“आईलासुद्धा सांगत नाही.”

“मग मला द्या एक.”

तो तिच्याकडे पाठ करून लिहीत बसला. एकदा थांबला, दाराबाहेर बघून आला, पुन्हा बसला. शेवटी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. केसाएवढ्या स्क्रूंची सवय असलेल्या माणसाचं अक्षर ते! कागदावर मुंग्यांची रांग लागली होती. तिने फॉर्म लांब धरला, आणखी लांब धरला, हात संपला.

“मला लागत नाही हो हे. तुम्हीच वाचून दाखवा ना.”

त्याचे ऐसपैस कान लाल झाले. “ते… नाही जमणार.”

“मग मी कसं वाचू?”

त्याने खालचा ड्रॉवर उघडून एक डबी काढली आणि डबीतला नवाकोरा चष्मा आपल्या हाताने तिच्या नाकावर ठेवला.

आधी तिला त्याचा चेहरा दिसला. जवळून, स्वच्छ, पहिल्यांदाच. मग तिने फॉर्म वाचला.

*प्रश्न चार : दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतली का? — हो. एक चष्मा. अठरा दिवसांपूर्वीच तयार होता.*

*प्रश्न चौदा : का?* गरज, संगत, संधी, राग… एकाही चौकटीत खूण नव्हती. ‘इतर’पुढे लिहिलं होतं : *चष्मा दिला असता तर त्या परत आल्या नसत्या. त्या कपाळ चोळतात ते बघवत नाही. तरी दिला नाही. उद्या त्यांचा विषय जाईल म्हणून लिहितोय. आता त्या येणार नाहीत, हे माहीत आहे.*

“म्हणजे अठरा दिवस माझं डोकं दुखत होतं ते…”

“हो.”

“आणि वर दर वेळी कपाळाला लावायला मलम देत होतात!”

“त्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती.”

तिला रागवायचं होतं. ओठ ऐकेनात. पण हसता हसता ती एकदम थांबली.

“हा फॉर्म चालणार नाही,” ती हळू म्हणाली. “नियम आहे. उत्तर देणारा ओळखीचा नको. जवळचा तर मुळीच नको.”

“मग मी कोण?” त्याने विचारलं. मग धीर करून, तपासणीच्या वेळच्याच आवाजात, “बरं दिसतंय का… जवळचं?”

आठ महिन्यांतला एकमेव खरा फॉर्म तिच्या हातात होता. तिने त्याची घडी घातली आणि फाइलीत न ठेवता पर्समध्ये ठेवली, अगदी आतल्या कप्प्यात.

“हो,” ती म्हणाली. “दिसतंय.”

“अगं, मग मला दे की एक,” आत्या म्हणाली. “मी तुझी कुठे कोण लागते?”

“नाही लागत,” आत्यापुढे एक कोरा फॉर्म सरकवत ती म्हणाली. “…अजून.”

स्क्रूड्रायव्हर खणकन खाली पडला. तो शोधायला दोघंही काउंटरमागे वाकली. शोध पुष्कळ वेळ चालला. वर आत्याने नाकावर चष्मा चढवला, पदराने कपाळ टिपलं आणि लिहायला सुरुवात केली. पान उलटल्याचा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा आला.

“अगं ए पोरी,” वरून हाक आली, “प्रश्न चारलाच जागा संपली. अजून दोन कोरे फॉर्म दे बघू.”