सत्र अजून सुरू आहे

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पटवत बसण्याइतकं त्राण माझ्यात उरलेलं नाही. पण हे खरं आहे, माझ्यासमोर घडलंय. फक्त नावं बदलली आहेत. आमच्या कामात ती बदलावीच लागतात.

आमचं डोंगरातलं बागियो शहर, मागचा ऑक्टोबर. रात्रबित्र नव्हती, भर दुपार होती. बाहेर दाट धुकं. मी समुपदेशन केंद्राच्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून.

समुपदेशकांशी लोक जे बोलतात ते त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड होतं. त्या फाइली मी सांभाळतो. कोण आलं, कधी आलं, किती वेळ बोललं, सत्र संपलं की नाही, ही माहिती प्रत्येक फाइलला जोडतो. दिवसभर दुसऱ्यांची रडगाणी ऐकून माणूस पार पिळून निघतो.

त्या महिन्यात नवं सॉफ्टवेअर आलं. ते जुन्या-नव्या सगळ्या फाइलींचं शेपूट स्वतःच कापायचं. समुपदेशक "आज इथेच थांबू" म्हणाल्या की पुढचं सगळं गायब. खुर्च्या सरकवणं, निरोप, दार. मूळ फाइलही पुसली जायची. जागा वाचते म्हणे. म्हटलं, डोक्याचा ताप तरी कमी झाला.

नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत.

मनांग पर्लिता यांच्या फाइली बंद होईनात. मनांग म्हणजे थोरली ताई. बाजारात कोबी-गाजरं विकणारी बाई. त्यांची मुलगी जोव्हेलिन नर्स होती. लागोपाठ दोन पाळ्या करून घरी येत होती, आणि बस दरीत गेली.

आमच्या रेमी मॅडम मनांगसमोर एक रिकामी खुर्ची ठेवायच्या. मुलगी तिथे बसलीय असं समजून बोला, म्हणायच्या. उपचाराची रीतच आहे ती.

ती सगळी सत्रं कधीच संपली होती. पण स्क्रीनवर प्रत्येकापुढे एकच...

'सत्र सुरू आहे.'

मी 'संपले' करून घरी जायचो. सकाळी येऊन बघावं, तर पुन्हा 'सुरू'.

मग फाइलींची लांबी वाढायला लागली.

एक लावून ऐकली. रेमी मॅडम म्हणाल्या, "आज इथेच थांबू." तिथे फाइल संपायला हवी होती.

संपली नाही.

खोलीतली शांतता ऐकू येत राहिली... मग खुर्ची बारीक करकरली...

कुणीतरी बसून होतं.

रेमी मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "बोयेत, तू सुट्टी घे. नाहीतर माझ्यासमोर येऊन बस." हसल्या. पण ती खुर्ची त्यांनी त्याच दिवशी खोलीबाहेर काढली, हे मी पाहिलं.

आणि एका दुपारी मनांग न कळवता आल्या. सांगत होत्या, मुलगी रोज स्वप्नात घरी यायची, स्वयंपाकघरात बसून भात खायची. या महिन्यात एकदाही आली नाही. तिच्या नावाने वाढलेलं ताट तसंच गार होतं.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी पोर इथेच राहिली का रे?"

कापलेल्या शेपटात काय होतं, ते तेव्हा आठवलं.

प्रत्येक वेळी निघताना मनांग दारात वळून त्या खुर्चीतल्या लेकीला हाक मारायच्या. जिथे रडलो, जिथे घाबरलो, तिथून उठताना जिवाला नाव घेऊन बोलवायचं, नाहीतर तो तिथेच राहतो. आमच्याकडे सगळेच करतात. मी ती हाक इतकी ऐकली होती, की तिच्याकडे लक्षच जात नव्हतं.

मूळ फाइली गेल्या होत्या. मनांगना माइकसमोर बसवलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. ती मी एकेका फाइलच्या शेवटी जोडत गेलो. मनांग पिशवी छातीशी धरून शेजारी बसल्या होत्या.

'संपले.' 'संपले.' 'संपले.'

शेवटची फाइल राहिली. हाक जोडली. नीट बसली का बघायला स्पीकरवर लावली.

"जोव्हेलिन, चल गं घरी. मागे राहू नकोस."

शांतता...

आणि मग, अगदी माइकजवळून...

"आई, दमलेय गं. बसू दे ना जरा."

दारात उभ्या रेमी मॅडमनी छातीवर क्रूसाची खूण केली.

मनांग रडल्या नाहीत. छातीशी धरलेली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "घरी आली तरी मी तिला कामालाच लावायचे. बसू दे तिला. ही बंद नका करू."

बंद केली नाही.

पण उपचार संपलेल्यांच्या फाइली वर्षअखेरीला पुसाव्याच लागतात, असा नियम आहे. बाकीच्या पुसल्या. ही उरली. आज वर्षातला कामाचा शेवटचा दिवस.

मघाशी पुन्हा ऐकली. खुर्ची करकरत नाही आता. फक्त संथ, लांब श्वास... दमून झोपलेल्या माणसाचा.

पुसायच्या बटणावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसलो. दाबलं तर ती घरी जाईल, की कुठेच उरणार नाही? मला कळत नाही. शेवटी मनांगना फोन लावला. म्हटलं, पुसायला लागेल, काय करू?

पलीकडून त्या कुजबुजल्या, "हळू बोल रे. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

कुठे, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी फोन ठेवला. बटण अजून दाबलेलं नाही.